बाप्पाला नमस्कार

लेक साडेपाच महिन्यांचा होता तेव्हाची गोष्ट. झोपेतून उठला की मान एकदम पुढे, दोन्ही हात वर, जेमतेम दोन सेकंद, मग सैल, आणि परत तेच, कधी पाचदा कधी वीसदा. सासूबाई म्हणायच्या बघ गं बाप्पाला नमस्कार करतोय, आम्ही पण कौतुकाने हसायचो. आता आठवलं की पोटात कालवतं.

पण ते झालं की तो रडायचा, आणि हळूहळू त्याचं हसणंच बंद झालं, खुळखुळा वाजवला तरी बघेना. जवळच्या डॉक्टरांनी गॅस आहे म्हणून ड्रॉप्स दिले, घरात हिंगाचा लेप झाला, दृष्ट काढून झाली, तीन आठवडे असेच गेले. डॉक्टरांसमोर पठ्ठ्या नेमकं काहीच करायचा नाही! शेवटी बहीण म्हणाली मोबाईलवर शूट कर. पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्ट मॅडमनी तो चाळीस सेकंदांचा व्हिडिओ दोनदा बघितला आणि म्हणाल्या, ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी, आजच करायची.

केसांना तेल नको, झोपेचं सिरप, डोकंभर पेस्टने चिकटवलेल्या वायरी. स्क्रीनवरच्या रेघा म्हणजे नुसता गुंता, कुठे लय म्हणून नाही. त्याला हिप्सॅरिदमिया म्हणतात आणि या झटक्यांना इन्फन्टाइल स्पाझम्स, तान्ह्या बाळांमधला फिट्सचा एक प्रकार. दुसरं नाव वेस्ट सिंड्रोम, मला वाटलं पश्चिमेकडचा काही आजार असेल, तर वेस्ट हे इंग्लंडमधल्या डॉक्टरचं आडनाव निघालं. 1841 मध्ये त्याने स्वतःच्याच बाळाबद्दल लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाला पत्र लिहिलं होतं, त्यात या झटक्यांना चक्क सलाम म्हटलंय. म्हणजे आमच्या आईंचा नमस्कारच की. त्याने जळवा लावल्या, अफू दिली, कशाचाच उपयोग झाला नाही. रात्री दोनला हे वाचून मी फोन उशीखाली सारला.

आम्हाला निदान औषध तरी होतं. दोन आठवडे स्टिरॉइडचा मोठा डोस, गाल फुगले, सारखी भूक, रात्रभर किरकिर, इवल्याशा दंडाला बीपीचा इवलासा पट्टा. नवव्या दिवशी झटके थांबले. एमआरआयमध्ये मेंदूच्या मागच्या भागात जुनी इजा दिसली. जन्मानंतर दोन दिवस मला दूध नीट आलं नव्हतं आणि त्याची शुगर फार उतरली होती, मॅडम म्हणाल्या बहुतेक त्यातूनच. (मला दोष देत बसू नका असंही म्हणाल्या, पण मन ऐकतंय थोडंच.)

आता तो चौदा महिन्यांचा आहे, आधाराशिवाय बसायला लागून महिनाच झालाय, फिजिओ आठवड्यातून तीनदा.

तो व्हिडिओ अजून फोनमध्ये आहे. कुणी विचारलं तर पाठवते, फक्त आवाज म्यूट करून, कारण मागून आईंचं हसणं ऐकू येतं.