गेटिसबर्ग: दोन सेनापतींची दोन घरं आणि मधलं मैलभर रान

न्यू जर्सी किंवा मेरीलँडहून गेटिसबर्गला जाणारी आपली मंडळी सहसा एकाच दिवसात सगळं उरकतात. म्युझियम, सायक्लोरामा, लिटल राउंड टॉपवर फोटो, आणि काळोख पडायच्या आत परत. एक दिवसच असला तरी हरकत नाही, पण क्रम बदला. आधी दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ली कुठे उतरला होता ते बघा आणि शेवटी उत्तरेचा सेनापती जॉर्ज मीड कुठे बसला होता ते. अमेरिकन यादवी युद्धातल्या इथल्या लढाईत, १ ते ३ जुलै १८६३ या तीन दिवसांत काय झालं आणि का झालं, हे या दोन जागांमधून जितकं कळतं तितकं शंभर पुतळे बघूनही कळत नाही.

हॅरिसबर्गहून यूएस १५ ने दक्षिणेला तासाभरात पोचता येतं. रणांगणावर फिरायला तिकीट नाही. म्युझियमला आणि ३७७ फूट लांबीच्या गोल चित्राला, म्हणजे सायक्लोरामाला आहे. मोटारीचा आखलेला मार्ग साधारण २४ मैलांचा, १६ थांब्यांचा. त्यातले बरेच रस्ते एकेरी आहेत, त्यामुळे थांबा हुकला की मोठा वळसा पडतो. परवानाधारक गाइड घेतलात तर तो तुमचीच गाडी चालवतो आणि तुम्ही नुसतं बघायचं. सुट्टीच्या मोसमात आधी नोंदणी करा.

दोन खुणा निघण्याआधी लक्षात ठेवा. ब्रिगेडच्या पाटीचा चौथरा चौकोनी असेल तर ती उत्तरेची, गोल असेल तर दक्षिणेची. आणि तोफेची नळी जमिनीत उभी रोवलेली दिसली, की तिथे सैन्याचं किंवा कोअरचं, म्हणजे सैन्याच्या एका मोठ्या विभागाचं, मुख्यालय होतं. या दोन खुणांवर अर्धं रणांगण पाटी न वाचताही उमगतं.

लीची उभी नळी चेंबर्सबर्ग रस्त्यावर, म्हणजे यूएस ३० वर आहे. समोर मेरी थॉम्पसन या विधवेचं दगडी घर. लीचे तंबू रस्त्याच्या या बाजूच्या बागेत होते. घराला खेटून पुढे मोटेल झालं होतं; ते पाडून चार एकर जागा पूर्ववत केली आणि २०१६ मध्ये खुली केली. इथे घराकडे पाठ करून दक्षिणेकडे उभे राहा. लीची फळी पाच मैलांहून जास्त पसरली होती आणि गळासारखी वळून गावाच्या पलीकडे पोचली होती. तिचे तीन कोअरप्रमुख: गावापलीकडच्या टोकाला युएल, मध्ये हिल, पार दक्षिणेला लाँगस्ट्रीट. निरोप्याला घोड्यावरून सगळा बाहेरचा वळसा घालावा लागे.

लीची पद्धत अशी, की हेतू सांगायचा आणि मार्ग हाताखालच्या माणसावर सोडायचा. आधीचा कोअरप्रमुख स्टोनवॉल जॅक्सन याच्याबरोबर हे उत्तम जमलं होतं. पण जॅक्सन १० मे १८६३ ला गेला, सैन्याची दोनाची तीन कोअर झाली, आणि युएल व हिल दोघेही त्या हुद्द्यावर नवे. १ जुलैच्या संध्याकाळी लीने युएलला कळवलं, की जमत असेल तर गावामागची टेकडी घ्या. जॅक्सनला तो हुकूम वाटला असता. युएलला ती मुभा वाटली. त्याने विचार केला आणि थांबला. त्यातच घोडदळाचा स्टुअर्ट तीन ब्रिगेड घेऊन लांब गेलेला, तो २ जुलैला दुपारी उगवला. तोवर शत्रू नेमका कुठे आणि किती, याची धड बातमी लीकडे नव्हती.

इथून वेस्ट कन्फेडरेट ॲव्हेन्यूने दक्षिणेला निघा. रस्त्याकडेला तोफा ओळीने आहेत. गाडे लोखंडी ओतीव आहेत, त्या काळचे लाकडी नव्हेत. पण नळ्या बऱ्याचशा खऱ्या. हिरवट पडलेली ती पितळेसारख्या धातूची, म्हणजे ब्राँझची ‘नेपोलियन’ तोफ. काळी, सडपातळ ती लोखंडी रायफल तोफ. उत्तरेत घडवलेल्या नळीच्या तोंडाच्या कडेवर वाकून बघा. क्रमांक, पौंडांत वजन, तपासनिसाची आद्याक्षरं आणि साल कोरलेलं सापडतं. बोटाने चाचपलं तरी आकडे लागतात.

३ जुलैला दुपारी एकच्या सुमारास दीडशेच्या आसपास तोफांनी इथून मारा सुरू केला. गोळे बरेचसे समोरच्या कण्यावरून, म्हणजे उत्तरेची फळी होती त्या लांबट टेकडीवरून, पलीकडे पडले. एक कारण धूर: पडतंय कुठे हे गोलंदाजांना दिसेना. दुसरं कारण फ्यूज, म्हणजे गोळा फोडणारी वात. दारूगोळा रिचमंडच्या नेहमीच्या कारखान्यातला नव्हता आणि ते फ्यूज सावकाश जळत, म्हणून गोळा पुढे जाऊन फुटे. तिकडे उत्तरेचा तोफखानाप्रमुख हंट याने दारूगोळा राखण्यासाठी आपल्या तोफा हळूहळू गप्प केल्या. इकडच्यांना वाटलं, मोडल्या.

व्हर्जिनिया स्मारकावर लीचा पुतळा ट्रॅव्हलर घोड्यावर, पूर्वेला तोंड करून. तिथे गाडी ठेवा आणि पिकेटची चाल, म्हणजे त्या माऱ्यानंतर दक्षिणेच्या पायदळाने समोरच्या कण्यावर केलेली चढाई, पायी करा. हे चुकवू नका. जेमतेम मैलभर रान, सावली अजिबात नाही. पाणी घ्या, लांब पँट आणि मोजे घाला, परतल्यावर गोचीड तपासा. लांबून सपाट वाटणारी ही जमीन चालताना खालीवर होते. मध्येच समोरचा कणा दिसेनासा होतो आणि वर आलात की एकदम अंगावर येतो. मग एमिट्सबर्ग रस्ता. त्याच्या दोन्ही बाजूंना तेव्हा भक्कम लाकडी कुंपण होतं. बारा हजारांच्या वर माणसं तिथे कुंपण चढायला अडकली आणि समोरून, दोन्ही बाजूंनी गोळ्या खात राहिली. (रस्त्यावर आजही रहदारी जोरात असते, जपून ओलांडा.) दगडी गडग्याच्या कोनापर्यंत पोचले ते मूठभर. निम्म्याहून जास्त मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले. लाँगस्ट्रीटने ही चाल नको म्हणून आधीच सांगितलं होतं. रान तुडवून झाल्यावर त्याचं म्हणणं पटायला वेळ लागत नाही.

कोनामागे थोड्या अंतरावर मीडचा अश्वारूढ पुतळा, १८९६ चा, लीकडे तोंड करून. सकाळचं ऊन लीवर पडतं, दुपारनंतरचं मीडवर. फोटो त्या हिशोबाने काढा. मीडला सैन्याची सूत्रं मिळाली २८ जूनला, लढाईच्या फक्त तीन दिवस आधी. मूळचा इंजिनियर. बार्नेगॅटच्या ज्या दीपगृहाच्या २१७ पायऱ्या जर्सीतली आपली मुलं उन्हाळ्यात चढतात, त्याचा आराखडा मीडचा. लढाईनंतर त्याने हरलेल्या लीला पोटोमॅक नदीपार जाऊ दिलं, असा ठपका त्याच्यावर कायमचा बसला. तेवीस हजारांच्या आसपास माणसं गमावलेल्या, दमलेल्या सैन्याचा विचार केला तर मला तो अन्याय वाटतो. लीने मात्र ८ ऑगस्टला स्वतःहून राजीनामा पाठवला होता. तो स्वीकारला गेला नाही.

आता उताराने मागे टेनीटाउन रस्त्यावर या. लिडिया लीस्टर या विधवेचं पांढरं, दोन खोल्यांचं लाकडी घर. हेच मीडचं मुख्यालय, फळीपासून हाकेच्या अंतरावर. खिडकीतून आत बघा. खोली साधारण दहा फूट बाय बारा. २ जुलैच्या रात्री डझनभर सेनाधिकारी इथे दाटीवाटीने बसले. मीडने तीन प्रश्न मतासाठी ठेवले: थांबायचं की मागे हटायचं, थांबलो तर हल्ला करायचा की वाट बघायची, आणि किती वेळ. कौल थांबण्याचा पडला. जाताना मीडने फळीच्या मध्यावरच्या गिबन या सेनाधिकाऱ्याला सांगितलं, उद्या हल्ला झाला तर तुझ्या समोर होईल. तसाच झाला. फळी आतल्या बाजूने वळलेली, म्हणून सगळ्यांना रातोरात एका खोलीत बोलावता आलं. लीला ही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी कण्यावरून पुढे गेलेले गोळे याच अंगणात पडले आणि बांधलेले घोडे जागीच मेले. लिडियाबाई परतल्या तेव्हा गहू तुडवलेला, झऱ्याचं पाणी नासलेलं, शेतात सतरा मेलेले घोडे. पुढे त्यांनी घोड्यांची हाडं गोळा करून विकली: साडेसातशे पौंड, शंभर पौंडांना पन्नास सेंट या भावाने.