बाद झालेले फोटो

रोल धुऊन आला की बाबा निगेटिव्हची एकेक पट्टी खिडकीच्या उजेडाकडे धरून ठरवायचे, यातले छापायचे कोणते. छपाईला पैसे पडत. त्यामुळे ज्याचे डोळे मिटले, मान वळली, पदर उडाला, ते सगळे बाद. अल्बमात गेले ते नुसते ताठ बसलेले नातेवाईक.

त्या बाद मंडळींची भेट मला आता होते आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घराच्या माळ्यावरून निगेटिव्हचा डबा खाली आला आणि रात्रीची जेवणं आटोपली की मी थोड्या थोड्या स्कॅन करत बसते. काही पाकिटांना व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. ॲसिटेटची फिल्म उष्ण-दमट हवेत खराब व्हायला लागल्याची ती खूण. पुढे ती आक्रसते, वाकते, आणि शेजारच्या पट्ट्यांनाही घेऊन बुडते. म्हणून वासाची पाकिटं वेगळी काढून आधी ती घेतली.

काळ्या-पांढऱ्या बहुतेक आग्फा क्लिक थ्रीच्या. हा कॅमेरा आमच्या बडोद्यातच, न्यू इंडिया इंडस्ट्रीजमध्ये बनायचा, तेव्हा त्याचं कौतुक जरा जास्तच. 120 नंबरच्या रुंद रोलवर फोटो जेमतेम 12, पण निगेटिव्ह जवळजवळ सहा सेंटिमीटर चौरस. काकांनी पुढे हौसेने घेतलेल्या महागड्या कॅमेऱ्याची चौकट 24 बाय 36 मिलिमीटर. 2400 डीपीआयला, म्हणजे इंचाला 2400 ठिपके धरून स्कॅन केलं, तर त्या डबड्यातून 28 मेगापिक्सेलच्या आसपास निघतात, काकांच्या कॅमेऱ्यातून पुरते आठही नाहीत. भिंग साधं, कडा पुसट, ते आहेच. पण हा हिशोब मी काकांना अजून सांगितलेला नाही.

निगेटिव्ह उलटी ठेवली की आजीचा पदर उजव्या खांद्यावर जातो. बडोद्यात हे चटकन खटकतही नाही, कारण शेजारच्या सगळ्या गुजराती बायका पदर उजव्याच खांद्यावर घेणाऱ्या. मग दुकानाची पाटी शोधायची, किंवा फिल्मची मंद बाजू कोणती नि चकचकीत कोणती ते बघायचं. धुळीचे ठिपके मी काढते. रंग भरत नाही. फोनमधल्या ॲपने आजीच्या इरकलीला असा काही जांभळा दिला, की ती असती तर नेसलीच नसती.

आत्याच्या साखरपुड्याच्या रोलमधला एक फोटो मात्र मी पुन्हा पुन्हा उघडते. अल्बमात आहे त्यात आत्या नि आतोबा पाटावर, नजर खाली, बोटं बोटांत. त्याच्या आधीच्या चौकटीत आत्याचा एक गाल पेढ्याने फुगलेला, आणि ती चौकटीबाहेरच्या कोणाकडे तरी बघून अगदी मनमोकळं हसते आहे. मागे आजोबा मनगट वर करून घड्याळ बघताहेत. डाव्या कोपऱ्यातून एक छोटा हात ताटाकडे आलाय. काका म्हणतात, तो त्यांचा नव्हेच. कोपरावरचं खरचटलेलं स्कॅनमध्ये स्पष्ट दिसतं, म्हणून काकांचं कोणी ऐकत नाही.

आत्याला पाठवला तर लगेच फोन. "हा कुठून उकरून काढलास? दादाने बाद केला होता."

"पण आत्या, हसत होतीस कोणाकडे बघून?"

"तुला काय करायचंय? आणि ग्रुपवर टाकू नकोस. मला तेवढा मोठा करून आण."