तुम्ही विचारलंत म्हणून: फळ्यावरची सतरा अंकी संख्या

दादरच्या माझ्या शिकवणीच्या खोलीत फळ्याच्या कोपऱ्यात 12345678987654321 ही संख्या कायम लिहिलेली असते आणि मुलांना न्यायला आलेले पालक हमखास विचारतात, "सर, दिसायला छान आहे, पण हिच्यात एवढं आहे काय?"

दिसण्याचा भाग लवकर संपतो. नऊ वेळा 1 लिहून होणाऱ्या संख्येचा हा वर्ग आहे. उभा गुणाकार मांडल्यास कोणत्याही रकान्याची बेरीज 9 च्या पुढे जात नाही, म्हणून हातचा येत नाही आणि अंक चढून तसेच उतरतात. दहा एकांच्या वर्गात हातचा येतो आणि उत्तर 1234567900987654321 असे विस्कटते. गणिती द. रा. कापरेकरांनी अशा संख्यांना डेमलो हे नाव दिले, ते जी. आय. पी. (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या एका स्थानकावरून. ते स्थानक म्हणजे आजची डोंबिवली. मी तिथेच राहतो, तेव्हा थोडा पक्षपात गृहीत धरावा. हिच्या अंकांची बेरीज 81 आहे आणि 81 ने हिला पूर्ण भाग जातो, म्हणजे कापरेकरांच्याच व्याख्येनुसार ही हर्षद संख्याही ठरते.

माझा जीव मात्र अडकला आहे तो हिच्या अवयवांत. 111111111 म्हणजे 111 गुणिले 1001001. पहिल्यातून 3 आणि 37 निघतात, दुसऱ्यातून 3 काढल्यावर 333667 उरतात. त्यामुळे आपली संख्या म्हणजे 3 चा चौथा घात, 37 चा वर्ग आणि 333667 चा वर्ग यांचा गुणाकार. पण 333667 ही मूळ संख्या आहे हे कशावरून? तिचे वर्गमूळ 577 च्या किंचित पुढे आहे, म्हणजे एरवी 106 मूळ संख्यांनी भागून पाहावे लागेल.

इथे एक आडवाट आहे. 1001001 ला 999 ने गुणल्यास 999999999 मिळतात; म्हणून 333667 च्या कोणत्याही मूळ अवयवाने 1 ला भागल्यास दशांशातला आवर्ती गट 1, 3 किंवा 9 अंकांचाच असणार. तो 1 किंवा 3 अंकांचा असता, तर त्या अवयवाने 1000 ला भागून बाकी 1 उरली असती, 1001001 कडे तीन वेळा 1 म्हणजे 3 उरले असते, आणि भाग पूर्ण जाण्यासाठी तो अवयव 3 च असावा लागला असता; पण 333667 च्या अंकांची बेरीज 28 आहे, तेव्हा 3 बाद. गटातल्या अंकांची संख्या नेहमी त्या मूळ अवयवातून 1 वजा केलेल्या संख्येला पूर्ण भागते; म्हणून गट 9 अंकांचा ठरला की त्या अवयवातून 1 वजा करून 9 ने आणि तो विषम असल्यामुळे 18 ने भाग गेलाच पाहिजे. अशा मूळ संख्या 19, 37, 73, 109 करत 577 पर्यंत फक्त 17 आहेत.

ते 17 भागाकार मी एकदा रात्रीच्या जलद लोकलमध्ये वहीच्या मागच्या पानावर केले. शेवटी 577 ने भागून बाकी 161 उरली, तेव्हा डोंबिवलीच्या अलीकडचे कोपर स्थानक मागे पडले होते.