ख्यालाच्या रेकॉर्डसाठी कार्ट्रिज बसवताना

माझ्याकडच्या बहुतेक एलपी ख्यालगायनाच्या आणि नाट्यसंगीताच्या आहेत आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक मोनो, म्हणजे दोन्ही स्पीकरांतून एकच आवाज देणाऱ्या आहेत. हे आधीच सांगून टाकण्याचे कारण असे की, टर्नटेबलला कार्ट्रिज, म्हणजे सुई धरणारा आणि तिच्या थरथरीची वीज करणारा छोटा भाग, कसे बसवावे याविषयी जे मार्गदर्शन सर्वत्र मिळते ते बहुधा पाश्चात्त्य स्टिरिओ रेकॉर्ड समोर ठेवून लिहिलेले असते, आणि ते निमूटपणे पाळण्यात माझे दोन रविवार खर्ची पडले.

यंत्र मामांनी मस्कतहून आणलेले, टेक्निक्सचे एसएल-१२०० एमके२. त्याच्या जुन्या कार्ट्रिजची सुई पार झिजली होती, म्हणून ऑडिओ-टेक्निकाचे एटी-व्हीएम९५ई घेतले. हे मूव्हिंग मॅग्नेट जातीचे कार्ट्रिज आहे, म्हणजे सुईच्या दांडीच्या मागच्या टोकाला चिमुकली चुंबके असतात आणि सुई खाचेत थरथरली की त्यांच्या हालचालीने शेजारच्या कॉइलमध्ये वीज निर्माण होते. ती जेमतेम ४ मिलिव्होल्ट भरते, म्हणून फोनो प्रीअँप लागतो. तो आवाज वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम घटवलेला खर्ज व वाढवलेली टीप पूर्ववतही करतो.

हेडशेलला, म्हणजे आर्मच्या (सुई वाहणाऱ्या दांड्याच्या) टोकाच्या पट्टीला, कार्ट्रिज बसवण्याचे दोन स्क्रू एकमेकांपासून अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतरावर असतात आणि या कामात अवघड असे काही नाही. अवघड आहेत त्या केसांसारख्या चार तारा. पांढरी डाव्या चॅनेलची धन, निळी त्याचीच ऋण, तांबडी उजव्याची धन आणि हिरवी त्याची ऋण, हा संकेत जगभर एकच आहे. मात्र कार्ट्रिजच्या मागच्या चार पिना कोणत्या क्रमाने मांडायच्या हे प्रत्येक बनावटीत निराळे असू शकते. मी जुने कार्ट्रिज काढताना पाहिलेली मांडणी डोक्यात ठेवून, कार्ट्रिज उलटे धरून, भिंगाखाली चिमट्याने तारा खोचल्या आणि पिनांभोवतीचे रंग नीट पाहिले नाहीत. त्याची फळे पुढे मिळाली.

सुईवरचा भार या कार्ट्रिजसाठी २ ग्रॅम सांगितला आहे. मागचे वजन फिरवून आर्म हवेत आडवा तरंगता ठेवायचा, त्या वजनावरच्या आकड्यांच्या कडीचा आकडा शून्यावर आणायचा आणि मग वजन २ पर्यंत फिरवायचे. मी नंतर एक शतांश ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर तपासले, तर १.९ भरले, थोडे वाढवून घेतले. भार जितका कमी तितकी रेकॉर्ड सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते, पण हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि त्या उड्यांनी भिंती अधिक खरवडल्या जातात.

पहिली रेकॉर्ड लावली ती एका मोनो ख्यालाची, लेबलावर दमदमचा पत्ता असलेली. सूर लागला, पण गाणारा खोलीत कुठे बसला आहे ते कळेना. आवाज दोन्ही स्पीकरांच्या पलीकडून, भिंतीतून आल्यासारखा पसरट येत होता, आणि बायाँचा, म्हणजे तबल्यातल्या डग्ग्याचा, घुमारा तर कोणी कापून नेल्यासारखा नाहीसा झाला होता. मी आधी रेकॉर्डवर संशय घेतला, मग सुईवर, मग स्पीकर पुढेमागे सरकवण्यात एक अख्खी दुपार घालवली. शेवटी खरखर कमी व्हावी म्हणून अँप्लिफायरचे मोनो बटण दाबले, आणि गायक अदृश्य झाला. खरखर मात्र जागच्या जागी राहिली, तिच्यामागे तंबोऱ्याची एक बारीक, फाटकी रेघ ऐकू येत होती.

कारण तेव्हा उमगले. मोनो रेकॉर्डची खाच केवळ आडवी नागमोडी असते, त्यामुळे तिच्या दोन्ही भिंतींवर एकच संकेत असतो आणि दोन्ही चॅनेलांतून तंतोतंत तोच यायला हवा. माझ्या डाव्या बाजूच्या पांढऱ्या आणि निळ्या तारांची अदलाबदल झाली होती, म्हणजे एका स्पीकरचा पडदा पुढे येई तेव्हा दुसऱ्याचा मागे जाई. बटण दाबताच दोन्ही संकेत एकमेकांत मिसळून खोडले गेले. स्टिरिओ रेकॉर्डवर ही चूक मला महिनोन्महिने कळली नसती, एवढी ती लपून राहणारी आहे.

तारा लगेच सरळ कराव्यात असा माझा पहिला विचार होता. पण जे खोडले जात नाही तेच तर आपल्या मांडणीतले वैगुण्य आहे, हे लक्षात आल्यावर मी त्या चुकीचा थोडा उपयोग करून घेतला. धूळ आणि ओरखडे सुईला वरखाली हलवतात, म्हणून ते उरणारच. पण गायकाचा आवाज जर उरत असेल, तर एक तर कार्ट्रिजचे दोन चॅनेल सारखे बोलत नाहीत किंवा समोरून पाहिल्यास सुई खाचेत एका अंगाला कललेली आहे. या आर्मला तो कल सुधारण्याची सोय नाही, त्यामुळे हेडशेल आणि कार्ट्रिज यांच्यामध्ये एका बाजूने पातळ कागदाची पट्टी सारून पाहिली. एका पट्टीने उरलेला आवाज स्पष्टपणे क्षीण झाला, दोन पट्ट्यांनी पुन्हा वाढला, म्हणून एकच ठेवली. मग छोट्या आरशावर सुई टेकवून, ती आणि तिचे प्रतिबिंब एका रेषेत दिसतात याची खात्री केली. केवळ कानावर विसंबलो असतो तर चॅनेलांमधला मूळचा फरक झाकण्यासाठी सुई वाकडी बसवण्याचा धोका होता. त्यानंतर तारा सरळ केल्या. गायक दोन स्पीकरांच्या बरोबर मध्ये येऊन बसला आणि बायाँ परत आला.

आता उरला तो त्या सर्वत्र मिळणाऱ्या मार्गदर्शनाविषयीच्या माझ्या तक्रारीचा खरा मुद्दा, रेकॉर्डच्या शेवटाचा. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, पण सुईखालून खाच सरकण्याचा वेग बाहेरच्या कडेला सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर असतो, तर केंद्रापासून ६ सेंटिमीटरवर तो २१ वर येतो. तेवढाच सूर निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असल्याने आत फाटका आवाज येण्याची शक्यता सर्वांत अधिक. गाण्यांच्या एलपीवर शेवटी एखादे संथ गीत ठेवून हे निभावता येते. ख्यालाच्या एलपीला ती मुभा नाही, कारण विलंबित बाहेरच्या ऐसपैस खाचांत निवांत होते आणि द्रुतातल्या ताना नेमक्या त्या अरुंद गल्लीत येऊन पडतात.

रेकॉर्ड कापणारी सुई सरळ रेषेत आत सरकते, आपला आर्म मात्र एका खिळीभोवती कमानीत फिरतो, त्यामुळे संपूर्ण बाजूवर फक्त दोन ठिकाणी कोन अचूक जुळतो. ती ठिकाणे कोणती हे कार्ट्रिज हेडशेलमध्ये किती पुढेमागे आणि कोणत्या कोनात बसवले यावर ठरते, आणि त्यासाठी बहुतेक जण बेअरवाल्डची मांडणी सुचवतात. तिचे हे दोन बिंदू केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिमीवर असून सगळ्या बाजूभर चूक समतोल राहावी हा तिचा हेतू आहे. स्टीव्हन्सनच्या मांडणीत ते ६०.३ आणि ११७.४ वर आहेत, म्हणजे मधल्या भागात किंचित अधिक चूक सोसून आतली कड सांभाळली जाते. टेक्निक्सचे स्वतःचे माप, हेडशेलच्या रबरी कडीपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिमी, हेही आतल्या कडेलाच झुकते माप देते. पहिल्या रविवारी मी बेअरवाल्डच केले होते. दुसऱ्या रविवारी ५२ मिमीवर आलो आणि द्रुतातला ‘आ’कार मोकळा झाला. स्टिरिओ वाद्यवृंद ऐकणाऱ्याला मी हे सुचवणार नाही, पण ज्याच्या कपाटात ख्याल आहे त्याने बेअरवाल्डचा आग्रह सोडावा असे माझे स्पष्ट मत आहे. स्क्रू शेवटचे आवळताना कार्ट्रिज हमखास केसभर फिरते, म्हणून आवळल्यावर पुन्हा मोजावे. मला हे तीनदा करावे लागले.

अँटिस्केटिंगविषयी, म्हणजे आर्मला किंचित बाहेर ओढणाऱ्या सोयीविषयी, थोडेच सांगतो. वाकड्या आर्ममुळे घर्षण सुईला आत ओढते, आतल्या भिंतीवर म्हणजे डाव्या चॅनेलवर दाब वाढतो आणि उजवा चॅनेल आधी फाटतो. उजवीकडूनच ‘स’ खरखरत असेल, तर हा आकडा थोडा वाढवून पाहावा. आर्मच्या उंचीची चिंता मी सोडून दिली आहे, कारण २३० मिमी लांबीच्या या आर्मवर ४ मिमी उंची बदलल्यावर कुठे सुईचा कोन एका अंशाने बदलतो, आणि जाड-पातळ रेकॉर्डमधला फरक त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

एवढे सारे करूनही नाट्यसंगीताच्या एका एलपीवर शेवटचे पद दोन्हीकडून सारखेच फाटते. ती जुन्या बाजारातून आणलेली आहे, आणि तिच्या खाचांवरची करडी झाक तिरप्या उजेडात डोळ्यांनीही दिसते. कोणाच्या तरी पेटीवजा प्लेअरच्या जड पिकअपखाली ती वर्षानुवर्षे वाजली असावी. गेलेला विनाइल कोणत्याही मापाने परत येत नाही, म्हणून तिच्यासाठी मी आता स्क्रू सैल करत नाही.