तुम्ही विचारलंत म्हणून: खुनी ठाऊक असताना परत काय वाचता?

हल्ली गंमत म्हणून काय वाचलं, असं कुणी विचारलं आणि मी एखाद्या जुन्या रहस्यकथेचं नाव घेतलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. "ती तर तुमची वाचून झालीय ना? खुनी कोण ते माहीत असताना परत काय वाचता?" विचारणाऱ्याच्या आवाजात काळजी असते आणि थोडी कीवही. कविता विसाव्यांदा वाचणारा रसिक ठरतो, तत्त्वज्ञानाचा ग्रंथ तिसऱ्यांदा काढणारा व्यासंगी. रहस्यकथा परत वाचणाऱ्याचं मात्र डोकं तपासायला हवं. तेव्हा एकदाच काय ते सविस्तर सांगते. पुढे चार गोष्टींचे शेवट फोडलेले आहेत. ज्यांना चालणार नाही त्यांनी इथूनच मागे फिरावं, नंतरची तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर अक्रॉइड' ही १९२६ सालची कादंबरी नुकतीच पुन्हा वाचली. गोष्ट सांगणारा गावातला डॉक्टर शेपर्ड हाच खुनी, हे आता न वाचलेल्यांनाही ठाऊक असतं. इतकंच ठाऊक असणं आणि ते पानावर घडताना पाहणं यांत फरक काय, ते एका जागेवरून दाखवते.

अक्रॉइडच्या हातात एका मेलेल्या बाईचं पत्र आहे. तिला कोण लुबाडत होतं, ते नाव त्यात आहे. ते नाव शेपर्डचंच, पण हे आपल्याला अजून माहीत नाही. अक्रॉइड पत्र पुढे वाचायला तयार नाही, शेपर्ड आग्रह करतो, अक्रॉइड हट्टाला पेटतो. मग शेपर्ड सरळ लिहितो की पत्र आलं तेव्हा नऊला वीस कमी होते, मी निघालो तेव्हा नऊला दहा कमी होते, आणि पत्र तसंच न वाचलेलं होतं. दाराच्या मुठीवर हात ठेवून तो क्षणभर थांबतो, मागे वळून बघतो, काही करायचं राहिलं तर नाही ना असा विचार करतो. काही आठवत नाही. निघतो.

पहिल्या वाचनात हा काळजीवाहू मित्र असतो. दुसऱ्या वाचनात त्या दोन वेळांच्या मधे खून झालेला असतो. पत्र न वाचलेलं आहे, कारण वाचणारा जिवंत नाही. 'काही राहिलं का' हा शब्दशः कामाचा तपास आहे: अक्रॉइड अजून जिवंत आहे असं वाटावं म्हणून त्याचा आवाज मुद्रित केलेलं डिक्टाफोन यंत्र साडेनऊला आपोआप बोलू लागेल असं लावून ठेवलंय का, दारातून ते दिसू नये म्हणून मोठी खुर्ची पुढे ओढलीय का. त्याच्या निवेदनात एक अक्षर खोटं नाही. त्याने फक्त दहा मिनिटं गाळलीत. शेवटच्या प्रकरणात तो स्वतःच या जागेकडे बोट दाखवतो आणि विचारतो, या दोन वाक्यांमधे मी फुल्यांची ओळ टाकली असती तर कुणाला शंका आली असती का? लेखक म्हणून स्वतःवर खूश झालेला खुनी! एवढा निर्लज्ज परिच्छेद रहस्यकथांमध्ये मला दुसरा माहीत नाही.

आणि ही एकच जागा नाही. घरापासून फाटकापर्यंत चालायला पाच मिनिटं लागतात, शेपर्डला दहा लागलीत. दोन्ही वेळा त्यानेच नोंदवलेल्या आहेत. प्रेत सापडल्यावर नोकराला फोनकडे पिटाळून तो लिहितो की जे थोडंफार करायला हवं होतं ते मी केलं. डॉक्टर आहे, करणारच, असं आपण समजतो. करायचं होतं ते असं की डिक्टाफोन काळ्या बॅगेत टाकायचा आणि खुर्ची जागेवर सरकवायची. बॅग कशाला नेली, याचं उत्तरही डॉक्टर असण्यातच आहे. कादंबरीच्या सुरुवातीच्या भागात तो घरातलं गजराचं घड्याळ उघडून दुरुस्त करत बसलेला दिसतो. पहिल्या वेळी ती ओळ डोळ्यांखालून कशी निसटते, देव जाणे.

आत्तापर्यंत मी विचारणाऱ्यांना एवढंच सांगायचे की दुसरं वाचन कारागिरीसाठी असतं. त्यावर माझ्याच आतून एक जुना आवाज येतो: कारागिरी पाहायची तर ही चार पानं पुरेत, सगळी कादंबरी कशाला? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर कारागिरीत नाही, कॅरोलाइनमध्ये आहे. शेपर्डची ही मोठी बहीण घरबसल्या गावाची बित्तंबातमी ठेवते. पहिल्या वाचनात ती विनोदासाठी असते. ख्रिस्तीने पुढे मिस मार्पल उभी केली तीही हिच्यावरून सुचून. एका प्रसंगी कॅरोलाइन भावाला तोंडावर सांगते की तू दुबळा आहेस, जेम्स, तुला नीट वळण लागलं नसतं तर काय काय उद्योग केले असतेस कोण जाणे. हसून पान उलटावं असं वाक्य. शेवट ठाऊक असला की ते वाचवत नाही. तिला नेमकं कळलंय, फक्त स्वतःला कळलंय हे तिला कळलेलं नाही. शेपर्डला पोलिसांपेक्षा भीती तिची आहे, आणि तपास करणारा गुप्तहेर पॉयरो त्याला शेवटी आत्महत्येची जी पळवाट देतो तीही तिला कधी कळू नये म्हणून. दुसऱ्यांदा वाचताना ही कादंबरी अक्रॉइडची राहतच नाही, एकाच टेबलावर बसून न्याहारी करणाऱ्या बहीण-भावाची होते.

एडमंड विल्सन या अमेरिकी समीक्षकाने १९४५ साली लेखाचं शीर्षकच असं दिलं की अक्रॉइडला कुणी मारलं याची पर्वा कुणाला आहे. हेटाळणी म्हणून विचारलं होतं. दुसऱ्या वाचनानंतर माझंही तेच म्हणणं आहे: मला नाही. तरीही पुस्तक खाली ठेववत नाही, आता बोला.

ख्रिस्तीची पहिली कादंबरी, स्टाइल्स या वाड्यातल्या खुनाची, याच रांगेत काढली होती. पहिल्या महायुद्धात ख्रिस्ती इस्पितळाच्या औषधालयात काम करत होती, ते इथे दिसतं. घरच्या बाईंच्या शक्तिवर्धक औषधात थोडं स्ट्रिक्निन आहे, नेहमीच्या मात्रेत निरुपद्रवी. त्यात झोपेच्या पुडीतलं ब्रोमाइड मिसळलं की स्ट्रिक्निनचे स्फटिक होऊन तळाशी बसतात. बाटली न हलवता रोजचे घोट घेत गेलं तर शेवटच्या घोटात सगळं विष एकदम. म्हणजे खुनी त्या वेळी घरात असायचीही गरज नाही. पॉयरोला पुड्यांची रिकामी डबी सापडते, तिच्यावर औषधवाल्याचं नाव नसतं, आणि ही माहिती आपल्याला वेळेवर मिळते. रसायन चोख आहे. पण खरं सांगायचं तर परत वाचताना माणसं पातळ वाटली. कोडं सुटलं की उरतं ते बाटलीचं निदान.

याच्या नेमकं उलट 'द स्पेकल्ड बँड', शेरलॉक होम्सची १८९२ची गोष्ट. माझा सगळा युक्तिवाद हिने मोडून पडतो. चोख पुस्तक दुसऱ्या वाचनात वाढतं, फसवं कोसळतं, असं मी ठासून म्हणत आले. इथे उकल म्हणून जे आहे ते पहिल्याच धक्क्याला कोसळतं. बशीतल्या दुधावर पोसलेला, शिट्टी ऐकून परत येणारा, दोरावरून खाली उतरून पुन्हा वर चढणारा साप! साप दुधावर जगत नाही आणि शिट्टीला शिकवता येत नाही. तरी होम्सचा लेखक डॉयलने १९२७ साली आपल्या आवडत्या होम्सकथा निवडल्या तेव्हा हिला पहिला नंबर दिला, आणि मी त्याच्याशी भांडणार नाही. जमिनीला पक्का ठोकलेला पलंग, कुठल्याच घंटेला न जोडलेला घंटेचा दोर, बाहेर न उघडता शेजारच्या खोलीत उघडणारा झरोका. साप हास्यास्पद आहे हे माहीत असूनही ती खोली अंगावर येते. का येते, ते मला अजून नीट मांडता आलेलं नाही.

जपानी लेखक हिगाशिनोच्या 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'मध्ये (२००५) तर खून सुरुवातीलाच आपल्यासमोर होतो, त्यामुळे 'खुनी माहीत असताना' हा आक्षेप पहिल्या वाचनालाही लागू व्हायला हवा. तो कुणी घेत नाही. तिथे लपवलंय ते प्रेत कुणाचं आणि खून कुठल्या दिवशीचा, हे. पहिल्या प्रकरणात गणिताचा मास्तर इशिगामी कामावर जाताना नदीकाठच्या बेघर माणसांवरून जातो, त्यात एक नवखा, अजून तिथे न रुळलेला माणूस दिसतो. दुसऱ्यांदा वाचताना त्या माणसापाशी मी अडकले. त्याचं पुढे काय होणार हे फक्त मला ठाऊक, त्या वेळी इशिगामीलाही नाही.

२०११ साली दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी असं दाखवलं की शेवट आधी सांगितलेल्या वाचकांना गोष्ट उलट जास्त आवडते, रहस्यकथासुद्धा. नंतरच्या काही प्रयोगांतून उलट निघालं. हा पुरावा मला कुणी ना कुणी पाठवत असतंच, पण माझ्या बाजूने तो उभा राहत नाही. शेवट दुसऱ्याने सांगणं वेगळं आणि एकदा स्वतः पुरतं फसून मग परत येणं वेगळं. फसलेच नाही तर परत येऊन बघायचं काय?

करून बघायचं असेल तर अक्रॉइडपासून सुरुवात करा. दोन वाचनांत एवढं अंतर ठेवा की खुनी आठवेल पण तपशील पुसले जातील. हातात पेन्सिल घ्या आणि निवेदक जिथे जिथे घड्याळाची वेळ सांगतो तिथे खूण करा. शेवटचं प्रकरण आधी उघडू नका, ते ठाऊक असलं तरी.

आणि हो, ख्रिस्तीच्या सहासष्ट रहस्यकादंबऱ्यांपैकी काही मी अजून मुद्दाम वाचलेल्या नाहीत. कुणी शेवट सांगू लागलं तर उठून जाते. दुसरं वाचन एवढं थोर, तर या कशासाठी राखून ठेवल्यात, असं आता तुम्ही विचारणार. विचारा. माझ्याकडे उत्तर नाही, आणि त्यांच्यातला खुनीही मला सांगू नका.