डाव्या हाताला तीन की चार?

पेटीवाल्याचा डावा हात जन्मभर भाता हलवतो. त्याला बोटं आहेत, हे कोणी विचारतच नाही. नागपूरच्या महाल भागातल्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं साथ केल्यावर मी धरमपेठेत पियानोच्या क्लासला जाऊ लागलो. उजवा ऐटीत चालायचा, डावा मात्र अर्पेजिओपाशी, म्हणजे कॉर्डचे सूर एकामागून एक वाजवण्यापाशी, अडून बसला.

पियानोत बोटांना आकडे असतात: अंगठा 1, करंगळी 5. सी मेजर म्हणजे आपली पांढरी एक, 'सा' पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. डाव्याने सा-ग-प-सां चढायचं तर पुस्तकात 5-4-2-1 छापलेलं. माझी अनामिका 'ग'वर अगदी निर्जीव पडायची. मधलं बोट टाकलं की सूर खणखणीत. मग 5-3-2-1 का नको? मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, "काका, चारही पट्ट्या एकदम दाबा अन् हात कुठं ताणतो ते बघा नं."

दाबल्या. 'ग'वर 3 ठेवलं तर 'प'पर्यंत जाताना तर्जनी आणि मधल्या बोटात नुसती फाक पडते. 4 ठेवलं तर मधलं बोट रिकामं तरंगतं आणि पंजा सैल राहतो. माझा हात लहान, त्यामुळे हा फरक लगेच कळला.

पांढरी दोनला, म्हणजे डी मेजरला, हेच गणित उलटलं. तिथं 'ग' काळ्या पट्टीवर येतो आणि सगळ्यात लांब बोट तिथं आपसूक पोचतं: 5-3-2-1. पियानोचा संगीतकार शोपँ शिष्यांचा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प, बी यांवर ठेवायला लावायचा, तेही याचसाठी. लांब बोटं काळ्यांवर, आखूड पांढऱ्यांवर. पेटीवर हे मी कधी मनावर घेतलं नव्हतं.

काळी दोनला, ई फ्लॅट मेजरला, 'सा'वर करंगळी ठेवायचा हट्टच सोडावा लागतो. 2 ने सुरुवात, 'ग'च्या पांढऱ्यावर अंगठा, 'प'वर 4, की पुन्हा 2-1-4. नाहीतर अंगठा वरच्या 'सां'च्या काळ्यावर येतो, आणि काळ्यावर अंगठा चढवला की मनगट वाकडं होतं. पांढरी एकचाच अर्पेजिओ 'प'पासून धरला तर प-सां हे अंतर मोठं, म्हणून दुसऱ्या सुराला 3.

खरा घाम काढला तो अंगठ्यावरून बोट पलटताना. अंगठा 'सां'वर असतानाच 4 ला पुढच्या 'ग'कडे निघावं लागतं. उशीर झाला की कोपर झटका देतं आणि अंगठ्याचा सूर धप्पकन वाजतो. मे महिन्यात कूलरच्या घरघरीत तो ऐकूच यायचा नाही; हेडफोन लावले तेव्हा प्रत्येक सप्तकाला एक धप्प सापडला. मग तेवढेच दोन सूर, सां-गं, गं-सां, हळूहळू घोटले.

सी मेजर जलद घ्यायचा असला की मी अजूनही 3 च टाकतो. मॅडमची हरकत नाही. चढताना-उतरताना बोटं तीच हवीत, एवढंच त्यांनी पेन्सिलने लिहून दिलंय.