इसार देण्याआधी घराचं पाणी बघा

जुनं घर किंवा रिसेलचा फ्लॅट घेताना प्रॉपर्टी कार्ड, घरफाळ्याची पावती, वकिलाचा शोध अहवाल हे सगळं लोक काळजीनं करतात, आणि घर मात्र वीस मिनिटांत बघून इसार देऊन टाकतात. बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला म्हणजे तपासणी झाली, असाही एक समज आहे. व्हॅल्युअर बँकेसाठी किंमत काढतो. न्हाणीघराखालचा स्लॅब गळतो का, हे बघणं त्याचं काम नव्हे.

कोल्हापुरातल्या घरांचं दुखणं बहुतेक वेळा पाण्याचं असतं: नदीचं, पावसाचं, नाहीतर घरातल्याच पाइपचं. तपासणीही त्याच क्रमानं करावी.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे. २०१९ आणि २०२१, दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, उलटं मागं येतं. म्हणून शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरसारख्या भर शहरातल्या भागातही पाणी शिरतं. पूररेषेच्या नकाशावरची निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या. नकाशात आपला सर्व्हे नंबर कुठे पडतो ते बघाच, पण भिंतीवरचा पुरावा जास्त बोलतो. तळमजल्यावरचे सगळे स्विचबोर्ड नवे आणि छातीच्या उंचीवर, चौकटींचं लाकूड फक्त खालून फुगलेलं, भिंतीतल्या कपाटाच्या मागच्या बाजूला गाळाची आडवी रेघ, मीटरच्या पेटीत सुकलेला चिखल. शिवाय कोपऱ्यावरच्या दुकानदाराला विचारा, २०१९ ला पाणी कुठवर होतं? तो हात लावून दाखवेल.

पेठांमधल्या जुन्या घरांना पुराचा मार जास्त बसतो. बाहेरून दगड, आत मातीचा भराव, अशी भिंत कित्येक दिवस पाण्यात राहिली की आतली माती खचते आणि भिंतीला पोट सुटतं. डोळ्यांना ते लगेच दिसत नाही. गवंड्याकडून ओळंबा लावून घ्या. एका मजल्याच्या उंचीत भिंत इंचभर जरी ओळंब्यात नसेल, तरी स्ट्रक्चरल इंजिनियरला दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नये. कौलारू घर असेल तर वासे जिथे भिंतीत शिरतात तिथे स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर लाकूड वाळवीनं किंवा ओलीनं खाल्लेलं आहे. मधला भाग बघून उपयोग नाही, तो बहुधा चांगलाच असतो.

तडे दिसले की घाबरायचं कारण नाही, पण तड्याची दिशा बघा. बीमच्या खालून सरळ आडवी रेघ जात असेल तर ती काँक्रीट आणि विटांच्या सांध्याची. तिथे प्लास्टर करताना जाळी मारलेली नसते, एवढंच. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरका, विटांच्या पायऱ्या करत गेलेला तडा मात्र पाया खचल्याचं सांगतो. काळ्या मातीच्या जागेत हे हमखास दिसतं, कारण ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं खूण करून तारीख लिहा. व्यवहार होईपर्यंत दोन-तीन महिने जातातच; तोवर तडा खुणेच्या पुढे गेला तर तो अजून चालू आहे.

स्लॅबला खालून छोट्या हातोडीनं हलके ठोके मारत जा. पोकळ आवाज आला तर प्लास्टर सुटलेलं असेल, नाहीतर आतली सळई गंजलेली. सळईखाली साधारण २० मिमी काँक्रीटचं कव्हर असतं. ओल तिथवर पोचली की लोखंड गंजून फुगतं आणि खालचा पापुद्रा ढकलून पाडतो. यावर पुट्टी आणि रंग मारून विकणारे कमी नाहीत. एकाच खोलीचं छत नवं पांढरंशुभ्र आणि बाकी घर तीन वर्षांच्या रंगाचं असेल, तर त्या खोलीत आधी हातोडी लावा.

न्हाणीघराची चाचणी सोपी आहे, पण मागायला लोक संकोचतात. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे फरशीतल्या पाणी जायच्या जाळीच्या भोकात, फडक्याचा बोळा घट्ट बसवा, उंबऱ्याच्या आत इंचभर पाणी साठवा, खडूनं पातळी आखा आणि २४ तासांनी खालच्या घराचं छत बघा. खालच्या शेजाऱ्याला विचारायचं ते हे: ओल कायम असते, की वर कुणी आंघोळ केल्यावर वाढते? कायम असेल तर दाबाचा पाइप फुटलेला, आंघोळीनंतर वाढत असेल तर ट्रॅपचा सांधा किंवा फरशीच्या फटी, आणि फक्त पावसाळ्यात असेल तर बाहेरची भिंत नाहीतर गच्ची. सांधा गेला असेल तर फरशी फोडावीच लागते. नुसतं ग्राउट भरून भागत नाही.

विजेचं थोडक्यात: आरसीसीबी (शॉक बसण्याआधी वीज तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा आहे का आणि टेस्टचं बटण दाबल्यावर पडतो का, गिझरला ४ चौरस मिमीची तार आहे का, अर्थिंग खरोखर जमिनीत गेलंय का. वायरमनला तासाभराचं काम.

आता मागण्यांचं. फरशीचा टवका, कुरकुरणारं दार, डागाळलेलं सिंक यांची यादी देऊ नका. पाच किरकोळ गोष्टींत एक मोठी गोष्ट बुडते. आणि गळतीची दुरुस्ती विकणाऱ्याकडून करून घेऊच नये. तो घर सोडून चाललाय, स्वस्तातलं वॉटरप्रूफिंग मारून मोकळा होईल. दोन ठेकेदारांकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि तेवढी रक्कम किमतीतून कमी करायला सांगा. पण स्टॅम्प ड्यूटी करारातली किंमत आणि रेडी रेकनर (सरकारी दरानं निघणारी किंमत) यांपैकी जी जास्त असेल तिच्यावर लागते, हे धरून चला. विकणाऱ्याकडूनच करून घ्यायचं ते त्याच्या नावावरचं: घरफाळा, पाणीपट्टी, वीजबिल, सोसायटीची थकबाकी. वरच्या मजल्याचा फ्लॅट असेल तर गच्चीची गळती आदर्श उपविधीनुसार सोसायटीच्या खर्चाची असते. गच्ची कधी दुरुस्त करणार, याचं सोसायटीकडून पत्र घ्या.

इसार पावतीतच लिहून घ्या की तपासणीत बांधकामाचा गंभीर दोष निघाला तर इसार परत. साठेखतात 'आहे त्या स्थितीत' हे शब्द असतील तर ते काढायला लावा, किंवा ठरलेल्या दुरुस्त्या फोटो आणि मुदतीसह परिशिष्टात जोडा. माहीत असलेला छुपा दोष सांगणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नुसार विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. पण त्याला तो माहीत होता, हे सिद्ध करत बसण्यापेक्षा कागद बरा. नवा फ्लॅट थेट बिल्डरकडून असेल तर गोष्ट सोपी: रेरा कलम १४ प्रमाणे ताब्यापासून ५ वर्षांत निघालेला बांधकामाचा दोष कळवल्यावर ३० दिवसांत त्यानं फुकट दुरुस्त करायचा असतो. तक्रार लेखीच द्या, पोच घ्या.

आणि जमलं तर घर जुलै-ऑगस्टमध्ये बघा. खरेदीपत्राच्या सकाळी पुन्हा एक फेरी मारा, सगळे नळ बंद करून पाण्याचा मीटर फिरतोय का ते बघा, आणि मगच सह्या करा.